दाजींना कोण सांगणार

सिल्वासाच्या नाक्यावर रांधा गावाला जाणाऱ्या शटल रिक्षासाठी रांग होती. माझ्यापुढे सुताच्या कंपनीतले दोघे उभे होते. धाकट्याच्या गळ्यातल्या कार्डावर ‘सुपरवायझर’ नवंकोरं होतं.

"चिंधा, साहेबांनी ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं रे?"

"चुकणाऱ्याला बाजूला घ्यायचं, भाऊ. आधी त्याचं चांगलं बोलायचं, मग चूक सांगायची, शेवटी परत चांगलं बोलायचं."

"मग घेतलं का कुणाला बाजूला?"

"दोघांना घेतलं, बराबर जमलं. पण पुढच्या मशीनवर आमचे दाजी."

"बहिणीचे मालक? त्यांचं काय चुकतंय?"

"चालू मशीनमध्ये हात घालून अडकलेला धागा काढतात. एखाद दिवशी बोटं जातील."

"मग सांगायचं ना तसं."

"जावयाला कसं सांगू? सांगायलाच गेलो होतो, पण समोर गेल्यावर सवयीनं पाया पडलो. ते म्हणाले, सुखी राहा, आणि परत हात मशीनमध्ये."

"कमाल आहे. मग?"

"ताईला फोन केला. म्हटलं, दाजींचं काम एक नंबर आहे. फक्त मशीन बंद करून हात घालायला सांग. बाकी माणूस सोनं आहे."

"ऐकलं का त्यांनी?"

"काल दिवसभर मशीन बंद करूनच हात घातला."

"बेस झालं."

"रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, चिंधा, तुझं काम एक नंबर आहे, दाजी सगळ्यांना सांगतात. फक्त शिफ्टमध्ये त्यांच्या पाया पडू नको, लोक हसतात. बाकी तू सोनं आहेस."