समासातली जागा

एजंटबाई : पत्ता मिळणार नाही, काका. एका लेखकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा नाही, हा आमच्या एजन्सीचा नियम आहे.

लेखक : दुसऱ्याला? अहो, एकच कादंबरी आहे आमची! विषम प्रकरणं माझी, सम तिची. आठ वर्षं एका टेबलावर बसून लिहिलीय.

एजंटबाई : आणि बावीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. प्रकाशक गाठून दिला, करारावर त्यांची सही आणली. आता आणखी काय करू?

लेखक : सही करताना काही म्हणाली?

एजंटबाई : टपालाने आली सही.

लेखक : म्हणजे माझी चौकशीसुद्धा नाही.

एजंटबाई : चौकशी नाही. पण बोलावलं ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांच्याकडून मुद्रितं तपासून परत आलीत. स्वतःच्या प्रकरणांत एक अक्षरही बदललेलं नाही. तुमच्या शेवटच्या प्रकरणात मात्र एक दुरुस्ती केलीय.

लेखक : माझ्या? तेव्हाही हेच! माझ्या लिखाणात नाक खुपसल्याशिवाय चैन पडायचं नाही तिला.

एजंटबाई : रागावू नका. करारात कलमच आहे, दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा तर त्याची संमती हवी. तुम्ही नको म्हणालात तर तुमचंच वाक्य राहील. दुपारी पानं छापखान्यात जायचीत, तेवढं लवकर सांगा.

लेखक : कुठलं वाक्य?

एजंटबाई : स्टँडवरचं. तुम्ही लिहिलंय, 'ती गाडीत चढली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.'

लेखक : नव्हतंच पाहिलं! 'थांब' म्हणायला माझी जीभ रेटली नाही, कबूल. पण तिने निदान बघायचं तरी. बावीस वर्षं तेच सलतंय. बाकी कादंबरी रचलेली असेल, ते वाक्य खरं आहे.

एजंटबाई : त्यांनी ते खोडलंय. काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.

लेखक : थांबा, चष्मा लावतो. हं... 'तिने दोनदा मागे वळून पाहिलं. तो खाली मान घालून चष्मा पुसत होता.'

(लेखक चष्मा काढून पुसू लागतो.)

एजंटबाई : पाणी देऊ का, काका?

लेखक : पुसत होतो खरा. रडतोय ते तिला दिसू नये म्हणून. आणि ती बघत होती... दोनदा!

एजंटबाई : मग संमती आहे असं धरू?

लेखक : हे पान पुन्हा तिच्याकडे जाईल का हो?

एजंटबाई : तसं नाही जाणार. पण त्यांच्या वाक्याला तुम्ही काही जोडलंत, तर त्यांची संमती घ्यावीच लागेल. छापखाना थांबेल आठवडाभर, मी बोलेन त्यांच्याशी.

लेखक : मग पेन द्या. तो चष्मा का पुसत होता, तेही यायला हवं. तिच्या अक्षराशेजारी मावेल ना?

एजंटबाई : मावेल, काका. बरीच जागा सोडलीय त्यांनी.