पुढच्या चाकामागचा गोळा

…आणि वर मलाच विचारतो, "मावशी, तुम्ही घरी जाऊन आराम का करत नाही?" आराम! माझी गाडी तिथे पुढून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली, दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली, आणि मी घरी जाऊन आराम करू? का बरं? मी घरी गेल्यावर या मिस्त्रीला असं काय करायचं आहे, जे मी इथे बसले असताना करता येत नाही? तुम्हीच सांगा, हा प्रश्न कोणाही समंजस माणसाला पडेल की नाही? शिवाय हे 'मावशी' प्रकरण. मला बहीण एकच, ती थोरली, आणि तिला मूलबाळ नाही. तेव्हा हा गृहस्थ मला मावशी कोणत्या आधारावर म्हणतो? मी त्याला तसं स्पष्ट विचारलं. तर पान्याला तेल लावत म्हणतो, "बरं, मावशी."

नाही, नाही, गैरसमज नको. मी संशय घेत नाही हो. मी फक्त नोंद ठेवते.

तुम्हाला सांगते, गाडी आमच्या ह्यांची. जुनी, चौकोनी, दिसायला ट्रंकेसारखी, पण चारही चाकांना जोर मिळणारी. दगडात घाला, चिखलात घाला, तक्रार नाही. ह्यांनी ती एकवीस वर्षं चालवली आणि नंतरची दहा वर्षं, गुडघे दुखू लागल्यावर, मला चालवायला लावून शेजारी बसून सूचना दिल्या. गेल्या वर्षी हे गेले. गाडी राहिली. आणि राहिली डोंगरावरची माझी ताई… ब्याऐंशी वर्षांची, एकटी, खाली यायचं नाव काढत नाही, आणि तिच्या घराचे शेवटचे सात किलोमीटर म्हणजे रस्ता नव्हेच, दगडांनी आपसांत केलेली तडजोड आहे. दुसरी कोणतीही गाडी वर जात नाही. भाड्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तर त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग गाडी वळवून तो निघून गेला. दर रविवारी सकाळी मी वर जाते. साडेनऊला ताई दोन ताटं मांडते. मी पोचले नाही, तर दुसरं ताट उचलत नाही आणि पहिल्याला हात लावत नाही. स्वभाव! लहानपणापासूनचा.

तर ही गाडी सहा महिन्यांत तिसऱ्यांदा आजारी पडली. तिसऱ्यांदा! लक्षण दर वेळी एकच. वेग चाळीसच्या आसपास, पुढचं चाक एखाद्या खड्ड्यातून गेलं, की स्टेअरिंगला जो काही कंप सुटतो… हात थरथरतात, आरसा थरथरतो, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि माझी कवळी तोंडातल्या तोंडात टाळ्या वाजवू लागते. मग वेग कमी करावा, जवळजवळ थांबावं, तेव्हा कुठे शांत. आमच्या चिरंजीवांना हे एकदा शेजारी बसून अनुभवावं लागलं. उतरले ते पांढरेफटक होऊन. म्हणाले, "आई, ही शेवटची दुरुस्ती. पुन्हा स्टेअरिंग थरथरलं, तर गाडी भंगारात. माझा एक ओळखीचा आहे, तो येऊन घेऊन जाईल." मी म्हटलं, "आणि ताई?" तर म्हणतात, "मावशीला खाली आणू." ताईला! खाली! त्यापेक्षा डोंगर खाली आणणं सोपं आहे!

आणि मला एक सांगा, भंगारवाला आधीच ओळखीचा कसा निघाला? गाडीतून उतरता उतरता ओळख झाली का? …मी संशय घेत नाही. मी फक्त नोंद ठेवते.

बरं, पहिल्या दोन्ही वेळा मिस्त्रीने काय केलं होतं? पुढच्या चाकामागे, आसाच्या टोकाला, नारळाएवढा एक लोखंडी गोळा असतो. चाक वळतं ते त्या गोळ्याभोवती. आणि वर एक, खाली एक अशा दोन खुंट्यांवर वळतं. त्यांना म्हणायचं किंगपिन. त्यांची बेअरिंगं झिजली, की चाकाला नको तेवढी मोकळीक मिळते आणि मग ते आपल्याच तालावर नाचू लागतं. दोन्ही वेळा मिस्त्रीने बेअरिंगं बदलली, गोळ्यावरचं रबरी सील बदललं, ग्रीस भरलं, म्हणाला, "दहा वर्षं बघायला नको." दहा वर्षं! अडीच महिने चालली! आता, दहा वर्षांचे अडीच महिने होतात ते केव्हा? नवं म्हणून जुनंच बसवलं, तर होतात! म्हणून दुसऱ्या वेळी मी काय केलं… हे आपल्यातच ठेवा… मिस्त्री फोनवर बोलत होता तेवढ्यात सुनेच्या नेलपॉलिशने प्रत्येक नव्या बेअरिंगवर एकेक लाल ठिपका दिला. चारही बेअरिंगांवर. आणि वहीत लिहून ठेवलं.

तर या तिसऱ्या वेळी मी घडीची खुर्ची, वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळी आठलाच हजर. मिस्त्री म्हणतो, "मावशी, परीक्षा आहे का कुणाची?" मी म्हटलं, "आहे. तुमची."

जॅक लावून चाक उचललं. वर एक हात, खाली एक हात, आणि चाक धरून लागला गदगदा हलवायला. खट्‌, खट्‌, खट्‌! म्हणतो, "खेळतंय." मी म्हटलं, "ते मलाही ऐकू येतं." मग म्हणतो, "मावशी, जरा गाडीत बसून ब्रेक दाबून धरता?" झालं! मी गाडीत बसले, की मला चाक दिसणार नाही… किती सोयीचं! मी म्हटलं, "ब्रेकचा आणि याचा काय संबंध?" तर शांतपणे सांगतो, "ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. नाही थांबली, तर किंगपिनचा." बोलणं मुद्देसूद होतं, हे मला मान्य करावं लागलं. तरी मी ब्रेकवर पाय ठेवून मान खिडकीबाहेर काढली. अजून दुखते आहे. खटखट थांबली नाही. मग त्याने मला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला लावून चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे हाताने चाचपले. ते घट्ट. "किंगपिनच," म्हणाला, आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "पण अडीच महिन्यांत कशी जातात, मावशी? मला रात्री झोप नाही." मी वहीत लिहिलं: मिस्त्रीस झोप नाही. कारण?

मग उघडलं. काय सांगू तुम्हाला! आतून ग्रीस यायला हवं मधासारखं. आलं ते दुधाळ, राखाडी, गढूळ… चुकलेल्या लापशीसारखं. आणि त्यातून त्याने बेअरिंग काढलं, तांबेऱ्याने लाल झालेलं. मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, "द्या इकडे." रुमालाने पुसलं. उलट केलं. आणि तिथे, गंजाच्या कडेला… लाल ठिपका. माझाच. दुसरं काढलं, ठिपका. तिसरं, ठिपका. चौथं… ठिपका!

बसवलेली तीच होती हो. नवीच. माणूस प्रामाणिक निघाला! माझी सगळी सकाळ वाया!

मिस्त्री म्हणतो, "हे लाल काय?" मी म्हटलं, "कारखान्याची खूण असेल." तो ठिपक्याकडे पाहत राहिला, मग माझ्या वहीकडे, आणि म्हणाला, "कारखाना हौशी दिसतो."

पण मग पाणी आत गेलं कसं? तो म्हणे, "ओढ्यात घालता का गाडी?" मी म्हटलं, "ओढा वीतभर. गोळा गुडघाभर उंच. मोजलेलं आहे." आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिरंजीव! गाडी भंगारात कोणाला घालायची आहे? भंगारवाला कोणाच्या ओळखीचा? अंगणातल्या नळाला लांबलचक रबरी नळी कोणी आणून लावली? पोटचा मुलगा, पण म्हणून काय झालं? मी म्हटलं, "मिस्त्री, बसा. माझ्याकडे लेखी पुरावा आहे." आणि वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं, "शनिवार, सकाळी सात. चिरंजीव गाडीजवळ उभे. हातात नळी. हेतू अस्पष्ट."

मिस्त्री म्हणाला, "त्याच्या आधी काय लिहिलंय?"

"आधी काही विशेष नाही."

"वाचा तरी."

वाचलं. मला काय माहीत! "शनिवार, सकाळी साडेसहा. पुढचे दोन्ही गोळे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने, तारेच्या घासणीने घासून, स्वच्छ धुऊन कोरडे केले. चिकटपणा पूर्ण गेला."

हातातला पाना त्याने अगदी हळू, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसा खाली ठेवला. म्हणाला, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "मागचा शनिवार?" मागचा वाचला. "त्याच्या मागचा?" …चोवीस शनिवार निघाले हो. चोवीस! एकही खाडा नाही. माझं अक्षरही दर शनिवारी अधिकच वळणदार!

"मावशी," तो म्हणाला, "तो गोळा चिकट असायलाच लागतो. सील त्याच्यावरून घसरत फिरतं. तुम्ही तारेने घासलंत, गोळ्यावर ओरखडे पडले. ओरखड्यांनी सील फाटलं. आणि फाटक्या सीलमधून तुमचंच सोड्याचं पाणी आत गेलं. दर शनिवारी."

आता माझी बाजू ऐका. एकतीस वर्षं तो काळा, चिकट, ओघळणारा गोळा मी पाहत आले. एकतीस वर्षं माझे हात शिवशिवले. फडकं घेऊन वाकले, की हे ओरडायचे, "हात लावू नकोस त्याला!" मला वाटायचं, माझे हात काळे होतील म्हणून जपतात. एकतीस वर्षं मी मनातल्या मनात सुखावत होते! …आणि मग हे गेल्यावर एका रविवारी ताईने गाडीतून माझी पिशवी उतरवून घेतली आणि त्या गोळ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. माझी ताई नुसतं पाहते, तेव्हा काय होतं हे तुम्हाला ठाऊक नाही. पुढच्याच शनिवारी मी घासणी घेतली.

एवढ्यात चिरंजीव आले. कमरेवर हात. "काय निघालं? कोणाची चूक? मी त्या भंगारवाल्याला बोलावू की नको?" मी वही मिटली. पुन्हा उघडली. छातीत असं धडधडत होतं, जणू चाळीसच्या वेगाला खड्डा लागला. खोटं मी लिहीत नाही आणि चिरंजीवांशी बोलत नाही. पण खरं बोलले, तर गाडी जाणार, आणि डोंगरावर ते दुसरं ताट… मी म्हटलं, "चूक…"

"सीलची," मिस्त्री म्हणाला. "आत पाणी गेलं."

"पुन्हा जाईल?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "नाही जाणार. दर शनिवारी मी स्वतः येऊन बघणार आहे."

का? मला सांगा, का? त्याने मला का वाचवावं? मी त्याच्या बेअरिंगांना ठिपके दिले, त्याची झोप वहीत मांडली, आणि हा माझी बाजू घेतो? यात याचा काय डाव असेल? …मी संशय घेत नाही. पण नोंद ठेवली.

पुढचं तुम्हाला थोडक्यात सांगते. त्याने बारीक पॉलिशपेपरने गोळ्यावरचे ओरखडे घासले (तो घासतो ते चालतं!), नवी बेअरिंगं बसवली, खुंटीच्या टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घातल्या आणि मग रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढू लागला. मी म्हटलं, "आता वजन कशाचं?" म्हणे, "वळायला किती जोर लागतो ते बघतोय. फार सैल नको, फार घट्ट नको. फार घट्ट असलं की माणसाला… चाकाला त्रास होतो." मी ऐकलं ते. बरोबर ऐकलं.

रविवारी चाळीसच्या वेगाने मुद्दाम खड्ड्यातून नेली. आरसा स्थिर. चष्मा जागेवर. कवळी गप्प. साडेनऊला ताईच्या दारात! ताईने ताटं मांडली, बाहेर आली, गोळ्याकडे पाहिलं… काळा, चिकट, ओघळणारा… मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तब्येत बरी नाही का तुझी?"

आता दर शनिवारी सकाळी मिस्त्री येतो. वाकतो, गोळ्यावर बोट फिरवतो, बोट उजेडात धरून पाहतो. काळं झालं असलं, तर "शाबास, मावशी" म्हणून निघून जातो. माझ्यावर संशय! या वयात! माझ्याच अंगणात! आणि मी खाली मान घालून उभी राहते, कारण… कारण त्याचं बोट फिरतं ना, तिथे एक पट्टा उठतो, बोटभर रुंद, आणि त्याच्या कडेला एक थेंब जमून हळूहळू ओघळायला लागतो. तो फाटकाबाहेर गेला, की मी तेवढा थेंब पुसते. तेवढाच. मऊ फडक्याने. सोडा नाही, घासणी नाही.

आणि त्याची नोंद ठेवत नाही.