खुडूक

गुरांच्या दवाखान्यात टोपली मांडीवर घेऊन म्हातारी बसली होती. शेजारच्या शेळीवालीनं विचारलं,

"मावशी, कोंबडीला काय झालं?"

"खुडूक आहे. एकविसाचे तीस दिवस झाले तरी अंड्यांवरून उठत नाही. दाणाही शिवत नाही. अंड्यांसकटच उचलून आणली."

"पिल्लं?"

"एक नाही. अंडी मात्र चांगली मोठी, टणक कवचाची होती."

"शिळी असतील. आठवड्याच्या आत ठेवायची असतात खाली."

"मला शिकवतेस? लेक सुट्टीला येणार, तिच्यादेखत पिल्लं निघावीत म्हणून तीन आठवडे राखून ठेवली."

"आली लेक?"

"सुट्टी पुढं गेली."

"मग अंडी काढून टाका की!"

"काढू कशी? रोज फोनवर म्हणते, 'आई, पिल्लं निघायच्या आत येतेच.'"