आईचा नानकटाईचा डबा

डोनटचा विषय काढलात म्हणून आमच्या आईचा पराक्रम सांगतो. राजेंद्र नगरात आमच्या नेहमीच्या बेकरीवाल्या चाचांच्या दुकानासमोरच एका मोठ्या कंपनीचं डोनटचं दुकान उघडलं आणि चाचांकडे कोणी फिरकेना. आमची आईसुद्धा फितूर झाली! दर दिवाळीला मैदा, तूप, साखर घरून डब्यात भरून ती चाचांकडून नानकटाई करून आणायची. त्या वर्षी डबा घेऊन थेट त्या एसी दुकानात शिरली.

"भिया, नानकटाई बना दो. सामान सब घर का है. कब तक मिलेगी?"

काउंटरवरचा मॅनेजर गडबडला. "आंटीजी, हमारे यहां भट्टी ही नहीं है. डोनट भी बने-बनाए आते हैं."

"अरे देवा! मग तुम दिनभर करते क्या हो?"

बिचारा हळूच म्हणाला, "डब्बे खोलते हैं, आंटीजी."

आईला इतकं वाईट वाटलं, की डबा घेऊन समोर चाचांकडे गेली आणि त्यांच्या भट्टीतून निघालेली गरम नानकटाई तिनं आधी त्यालाच नेऊन दिली. त्यानं काउंटरमागे उभ्याउभ्या चार खाल्ल्या.

दोन वर्षांत ते दुकान बंद पडलं. यंदा आई डबा घेऊन चाचांकडे गेली, तर भट्टीपाशी तोच मॅनेजर उभा! कोपरापर्यंत मैद्यानं माखलेले हात वर करून म्हणाला, "आंटीजी, आज पूछिए ना, दिनभर क्या करता हूं!"