जोशी काकांचा सांबा

जोशी काका मला घर सोडायला लावणार होते, ते कसं टळलं ऐका. मी जपानमध्ये, नागोयात नोकरी करते आणि लुआना नावाच्या ब्राझिलियन मुलीबरोबर राहते. ती एका बारमध्ये सांबा, म्हणजे त्यांच्याकडचा नाच, करते. बाबांचे मित्र जोशी काका इथेच इंजिनिअर आहेत. त्यांना कुठून तरी हे कळलं.

"असल्या मुलीबरोबर राहतेस? महिनाअखेर खोली सोड, नाहीतर बाबांना फोन करतो."

त्याच शुक्रवारी मी लुआनाच्या बारमध्ये बसले होते. अंधुक उजेडात तीन भारतीय पुरुष आत आले. तिघांच्या अंगात ब्राझीलचे पिवळे फुटबॉल टी-शर्ट. खरे ब्राझिलियन सगळे इस्त्रीच्या शर्टात! लुआनाने त्यातल्या एकाला नाचायला ओढलं. त्याने रुमालाची पुंगी करून तोंडात धरली आणि गणपती विसर्जनातला नागीण डान्स सुरू केला. हा नाच मी लहानपणी आमच्या गणपतीत दरवर्षी पाहिला होता, तेव्हा मी त्यांना ओळखलं.

गाणं संपल्यावर पुढे गेले. "काका, ही लुआना. माझी रूममेट."

काकांनी रुमाल तोंडातून काढला. "बाबांना काही बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू? फोन तर तुम्ही करणार होतात."