आरसा वाकवणारीचा बाप

नाई, मी नाई येत अकोल्याले. तुमी चालले, म्हनून तं तुमाले म्हनतो — ते यष्टीत खिडकीपाशी पोरगी बसली ना, निळ्या ओढणीची, तिच्या हाती एवढा चार्जर द्या. घरी इसरली. प्रतीक्षा नाव आहे, माही पोरगी. — मी काहून नाई देत? आता काय सांगू बाप्पा, तोंड दाखवासारखं ठेवलं नाई मी आज. सकाळी इथं अकोटात, तिच्याच शाळेत सत्कार होता तिचा. परदेशात मोठ्या दुर्बिणीवर काम करते ते. कायचं काम? पाहा, चांदणी लुकलुकते ना, तं चांदणी नाई लुकलुकत, मधातली हवा हालते. मे महिन्यात दर्यापूरच्या रोडनं दूरचं झाड कसं पान्यात असल्यावानी थरथरते — बस, तसंच. म्हनून जमिनीवरच्या दुर्बिणीतून तारा फिसकटलेला दिसते. मंग हे लोक आभाळात पिवळा लेझर सोडते, लय वर एक खोटी चांदणी पेटवते, ते कशी हालून राहिली ते पाहते, अन् पातळ आरसा मांगून दाबून-दाबून बरोबर त्याच्या उलटा वाकवते. एका सेकंदात शेकडो खेप! हवेनं जेवढं बिघडवलं तेवढं आरसा सुधरवते. झाला तारा साफ.

तेच सांगून राहिली होती पोराईले. तं भगवंतराव — कापसाच्या जिनिंगवाले, संस्थेचे अध्यक्ष — मधातच माइक ओढून म्हनते, "म्हंजे आरसा वाकडा कराचा पगार भेटते का बाई तुले? वाकडा आरसा तं आमच्या रसवंतीतही आहे!" सारा हॉल हासला. अन् मी? मीही हासलो. सगळ्याईपेक्षा मोठ्यानं. तिनं माह्याकडे पाह्यलं, अन् दोन वाक्यात भाषण आटपून बसून गेली.

तुमी म्हनसान, बापाले समजलं नसन. — अहो, आताच तुमाले सांगतलं ना सगळं! तिनंच शिकवलं मले दिवाळीत, गच्चीवर बसून, जेवाची थाळी आरसा म्हनून धरून. समजते मले. पण त्याच भगवंतरावाच्या जिनिंगमंधी कापूस मोजाच्या काट्यावर जिंदगीभर उभा राह्यलो मी, मालकापुढं बसलो नाई कधी. आमच्या वस्तीतलं कोनी त्या मंचावर चढलं नोतं. आज त्याइच्या बाजूची खुर्ची भेटली, तं ते हासले अन् माहं तोंड आपोआप उघडलं. खुर्ची जाईन असं वाटलं का काय — लाज वाटते हो, लय लाज वाटते.

घरी मनकर्णा, माही बायको, भांडाले लागली माह्याशी. तं पोरगी म्हनते, "जाऊ दे आई, बाबाले नाई समजत त्यातलं. मी नाई रागावली." अन् मी? समजते मले, एवढं म्हनाले जीभच नाई उचलली. न समजता हासला तं मानूस माफ होते. समजून हासला त्याचं काय?

काय? तुमी सांगता तिले, बापाले समजते म्हनून? ना ना, हात जोडतो! वाटू द्या तिले तसंच. — आला कंडक्टर. चढा, चढा. हे धरा. विचारलं तिनं, कोनं देल्ला, तं म्हना — होता एक मानूस, गेला.

माह्याकडे काय पाहून राहिले? जा ना.