ताराबाईच्या कमरेची रोख

या, असे जवळ सरका. वडवणीच्या कचेरीत कानांवर पडलेलं सांगतो, कीर्तनाइतकं गोड आहे. दुष्काळात आमच्या गावची दूध संस्था बंद पडली, तिथे कॅन धुणाऱ्या बायांचं काम गेलं. बेकारी भत्त्याच्या रांगेत माझ्यापुढे ताराबाई आणि तिची शेजारीण अंजना होत्या.

"बाई, जवळ रोख किती?" कारकुनाने विचारलं.

"हाय की. कमरेच्या पिशवीत आठशे हायेत."

"अगं तारे, न्हाई म्हण!"

"कमरेला बांधून न्हाई कसं म्हणू, अंजे?"

"एवढी रोख असेल तर भत्ता मिळायचा नाही, बाई."

"मग ऱ्हाऊ द्या. पर पैसे माझे न्हाईत, साहेब. सप्त्यात आरतीच्या ताटात पडलेले हायेत. आमचं गाव दर साली ते एका बाईकडं ठेवतंय, औंदा माझ्याकडं हायेत. घराला कडी न्हाई, म्हणून संग घेऊन फिरते."

"घरी खायला काय आहे?"

"काल मिठासंग भाकर खाल्ली."

"आणि यातले घेतले नाहीत?"

"कावून घेऊ? देवाचं तेल-वात हाय त्यात."

"पैसे देवाचे, याला साक्षीदार कोण?"

"मी! माझे बी हायेत त्यात," अंजना म्हणाली.

"आमचे बी हायेत, साहेब!" मागची सगळी रांग ओरडली.

"बरं, बरं, ओरडू नका. स्वतःची रोख काही नाही, असं लिहितो. करा बाई अंगठा. आणि कीर्तन कधी असतं तुमच्याकडे?"

"एकादशीला. या की, लई फुडं बसवते तुमाला."

संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, माउली, तेव्हा आमच्या ताराबाईचं नाव तेवढं घ्या.